गर्भनिरोधक गोळी सुरू करताना : भीती किती, काळजी किती?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील हे गाव एके काळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे दूरवर परिचित झाले. अशा औद्योगिक पट्ट्यांत कामाच्या शोधात आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत संसार थाटतात. नोकरी अजून कायम झालेली नसते, घरातील वडीलधारी माणसे गावाकडे असतात. त्यामुळे एखाद-दोन वर्षे पाळणा लांबवावा, किंवा पहिल्या मुलानंतर पुरेसे अंतर ठेवावे, असा विचार होणे स्वाभाविक आहे. चितेगाव असो की शहरातील एखादी वसाहत, गोळीचे पाकीट आता सहज मिळते. अडचण सुरू होते ती पाकीट उघडल्यानंतर.

पहिल्या आठवड्यात मळमळते. दुसऱ्या आठवड्यात अवेळी रक्ताचा डाग दिसतो. 'गोळीने पुढे मूल राहत नाही' असे कोणीतरी सांगते. घाबरून पाकीट अर्ध्यावर बंद केले जाते आणि दुसरे कोणतेही साधन न वापरल्यामुळे नको असताना दिवस राहतात. मग दोष गोळीच्या माथी येतो. ही साखळी तोडायची, तर गोळी सुरू करण्यापूर्वीच दोन गोष्टी वेगळ्या करून घेतल्या पाहिजेत. काही त्रास पहिल्या तीन महिन्यांत होतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. त्यांना घाबरू नये. काही लक्षणे मात्र क्वचितच दिसतात, पण ती दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

प्रश्न विचारण्याची किंमत

संततिनियमनाविषयी उघडपणे प्रश्न विचारणे महाराष्ट्रात कधीच सोपे नव्हते. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना या मासिकातून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. त्या काळी गोळी अस्तित्वातही नव्हती. ती अमेरिकेत १९६० मध्ये मान्य झाली. आज उत्तर देणाऱ्यावर खटला होत नाही, तरी प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीचा संकोच पुरता गेलेला नाही.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारलेला आढळला. गोळी घेणाऱ्या स्त्रिया ५.१ टक्के होत्या. म्हणजे कुटुंब पूर्ण झाल्यावर कायमचा उपाय करण्याची रीत आपल्याकडे रुजली, पण दोन मुलांत अंतर ठेवण्याची तात्पुरती साधने तितकीशी रुजली नाहीत.

गोळी काम कशी करते?

नेहमीच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या वर्गांतील दोन कृत्रिम संप्रेरके असतात. त्यांच्यामुळे बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया थांबते, गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट होऊन शुक्रजंतूंना अडथळा होतो आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. गोळी थांबवली की शरीराचे स्वतःचे चक्र पुन्हा सुरू होते. गोळ्या पोटात साठून राहतात, हा समज निराधार आहे.

शासकीय केंद्रांत मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ गोळ्या लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या चालू असताना रक्तस्राव होतो आणि पाकीट संपताच, एकही दिवस न सोडता, दुसरे सुरू करायचे असते. सवलतीच्या दरात विकल्या जाणाऱ्या 'माला-डी'ची रचनाही अशीच आहे.

दररोज न चुकता घेतल्यास वर्षभरात शंभर स्त्रियांमध्ये एकीलाही दिवस राहण्याचा संभव कमीच असतो. प्रत्यक्षात गोळी विसरली जाते, पाकीट उशिरा आणले जाते. त्यामुळे व्यवहारात हे प्रमाण शंभरात सुमारे सात इतके होते. यातील बराचसा फरक आपल्या नियमितपणावर अवलंबून आहे.

सुरुवात केव्हा आणि कशी?

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केल्यास संरक्षण लगेच मिळते. पाच दिवस उलटून गेले असतील आणि दिवस राहिलेले नाहीत याची खात्री असेल, तर कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. मात्र पुढचे सात दिवस निरोध वापरावा.

गोळी रोज एकाच सुमारास घ्यावी. पती किंवा पत्नीची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, तर वेळ शिफ्टला न बांधता न बदलणाऱ्या गोष्टीशी जोडावी; उदाहरणार्थ रात्रीचे जेवण किंवा झोपण्यापूर्वी दात घासणे. मळमळ होत असल्यास रात्री जेवणानंतर घेतलेली गोळी अधिक सोसते. मोबाइलमधील गजरही उपयोगी पडतो. पुढचे पाकीट आधीच घरात आणून ठेवावे. नवे पाकीट उशिरा सुरू होणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे.

पहिल्या तीन महिन्यांतील नेहमीचे त्रास

मळमळ, हलकी डोकेदुखी, स्तन हुळहुळणे, मनःस्थितीत चढउतार आणि दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे हे सुरुवातीचे नेहमीचे त्रास आहेत. शरीर नव्या संप्रेरकांशी जुळवून घेत असते. बहुसंख्य स्त्रियांमध्ये हे त्रास तीन महिन्यांत कमी होतात.

यांपैकी अवेळी दिसणाऱ्या डागाची धास्ती सर्वाधिक असते. डाग दिसला म्हणजे गोळी निकामी झाली किंवा आत काही बिघडले, असे नव्हे. गर्भाशयाचे पातळ झालेले अस्तर सुरुवातीला स्थिर नसते, म्हणून थोडे रक्त जाते. अशा वेळी गोळी बंद न करता वेळेवर चालू ठेवणे हाच उपाय आहे. गोळी विसरल्यानेही डाग दिसतो, हे लक्षात घ्यावे. तीन महिन्यांनंतरही डाग येत राहिले, रक्तस्राव जास्त झाला किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर तपासणी करून घ्यावी.

याउलट, काही महिन्यांनी पाळी कमी जाऊ लागते आणि त्याचीही चिंता वाटते. 'रक्त आत साचते' हा समज खरा नाही. अस्तरच पातळ असल्यामुळे बाहेर पडण्याजोगे रक्त कमी असते. पाचव्या पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांच्या दृष्टीने हा लाभच आहे. सर्व गोळ्या नियमित घेऊनही एखाद्या महिन्यात रक्तस्राव झाला नाही, तर नवे पाकीट वेळेवर सुरू करावे. गोळ्या चुकल्या असतील किंवा सलग दोन महिने रक्तस्राव झाला नसेल, तर गर्भचाचणी करावी. अजाणता गर्भ राहिल्यावर काही गोळ्या घेतल्या गेल्या, तरी त्यामुळे बाळात व्यंग येत असल्याचा पुरावा नाही.

मनःस्थितीतील बदल मात्र 'चालायचेच' म्हणून सोडून देऊ नयेत. सतत उदास वाटणे, झोप उडणे, जगण्यात रस न वाटणे असे घडल्यास तीन महिने पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

चार मोठ्या शंका

पहिली शंका मूल न होण्याची. गोळी थांबवल्यानंतर गर्भधारणेची क्षमता परत येते. मूल हवे म्हणून गोळी सोडणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी ऐंशीहून अधिक जणींना वर्षभरात दिवस राहतात. काहींची पाळी नियमित होण्यास एक-दोन महिने लागतात, एवढेच. मधूनमधून गोळीला 'विश्रांती' देण्याचीही गरज नाही. अशा विश्रांतीच्या काळातच अनेकदा अनपेक्षित गर्भधारणा होते.

दुसरी शंका वजनाची. या विषयावरील ४९ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात संयुक्त गोळीमुळे वजन फारसे वाढते असे दिसले नाही. सुरुवातीला अंगात थोडे पाणी साठून जडपणा वाटू शकतो. गोळी सुरू करताना वजन लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी ताडून पाहावे.

तिसरी शंका कर्करोगाची. येथे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. गोळीमुळे बीजांडकोशाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा संभव कमी होतो. ब्रिटनमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या सुमारे ४६ हजार स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासात हे संरक्षण गोळी थांबवल्यानंतरही अनेक वर्षे टिकल्याचे दिसले. स्तनाच्या कर्करोगाचा संभव मात्र गोळी चालू असताना किंचित वाढतो. डेन्मार्कमधील १८ लाख स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संप्रेरकयुक्त साधने वापरणाऱ्या दर ७,६९० स्त्रियांमागे वर्षाला एक रुग्ण जास्त आढळला. पाच वर्षांहून अधिक काळ गोळी घेणाऱ्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संभवही थोडा वाढतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नये. कुटुंबात स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास ती माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

चौथी शंका रक्तात गुठळी होण्याची. ही भीती अगदीच निराधार नाही. पहिल्या काळातील गोळीत इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरकाचे प्रमाण १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या 'माला-एन'मध्ये या वर्गातील संप्रेरक ३० मायक्रोग्रॅम असते. गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते. 'माला'प्रमाणे लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत हा आकडा पाच ते सात, तर ड्रॉस्पायरेनोन असलेल्या गोळ्यांत नऊ ते बारा आहे, असे युरोपीय औषध नियामक संस्थेने म्हटले आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षाही अधिक असतो. गोळीच्या बाबतीत तो पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो आणि दीर्घ खंडानंतर गोळी पुन्हा सुरू केल्यास पुन्हा वाढतो. वारंवार सोडणे-धरणे टाळावे, ते यासाठीही.

गोळी कोणी घेऊ नये?

ज्यांच्यासाठी गोळी योग्य नाही, त्यांनी ती न घेणे हाच सुरक्षिततेचा पाया आहे. म्हणून शेजारणीला सोसली म्हणून तिचेच पाकीट आणू नये. पुढील बाबी असल्यास संयुक्त गोळी सहसा दिली जात नाही :

- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे.
- वय ३५ किंवा त्याहून अधिक असून धूम्रपानाची सवय असणे. मशेरी किंवा तंबाखूची सवयही डॉक्टरांपासून लपवू नये.
- डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या रेषा दिसून किंवा हातापायाला मुंग्या येऊन सुरू होणारी अर्धशिशी.
- पूर्वी रक्तात गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला असणे.
- स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार किंवा चालू असलेली कावीळ.
- डोळे, मूत्रपिंड अशा अवयवांवर परिणाम झालेला मधुमेह.
- अंगावर दूध पिणारे बाळ सहा महिन्यांच्या आतील असणे.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉन या औषधांमुळे गोळीचा प्रभाव कमी होतो. लॅमोट्रिजिन या अपस्माराच्या औषधाचा प्रभाव उलट गोळीमुळेच घटतो. नेहमीच्या सर्दी-तापावरील प्रतिजैविकांमुळे असा अडथळा येत नाही. सुरुवातीपूर्वी किमान रक्तदाब मोजून घ्यावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा.

अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी 'छाया' ही गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले हे औषध १९९१ पासून 'सहेली' या नावाने बाजारात आले आणि पुढे 'छाया' या नावाने शासकीय कार्यक्रमात दाखल झाले. त्यात संप्रेरके नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. तिच्यामुळे पाळी लांबू शकते, हे आधी ठाऊक असल्यास घाबरायला होत नाही. तीही तपासणी करूनच सुरू करावी.

गोळी विसरल्यास

एक गोळी विसरली, तर आठवताच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी. एकाच दिवशी दोन गोळ्या पोटात गेल्या तरी बिघडत नाही. निरोधाची गरज नसते.

लागोपाठ दोन किंवा अधिक गोळ्या विसरल्या, तर आठवताच एक घ्यावी, पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात आणि सलग सात दिवस निरोध वापरावा. ही चूक पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि मागील पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीविषयी लगेच सल्ला घ्यावा. तिसऱ्या आठवड्यात झाली असेल, तर संप्रेरकांच्या गोळ्या संपताच लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट सुरू करावे.

लोहाची गोळी चुकल्यास संरक्षणात उणीव येत नाही. ती टाकून द्यावी. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाल्यास दुसरी गोळी घ्यावी. तीव्र उलट्या किंवा जुलाब दोन दिवसांहून अधिक चालले, तर गोळ्या विसरल्याप्रमाणेच नियम पाळावेत.

गोळ्या-गोळ्यांतील फरक

औषधाच्या दुकानात 'पाळीची गोळी' एवढेच सांगितल्याने घोटाळा होऊ शकतो. गौरी-गणपती, नवरात्र किंवा घरच्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याकरिता घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी गर्भनिरोधक म्हणून नसते. त्या दिवसांत तिच्या भरवशावर राहू नये. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी २००५ पासून आपल्याकडे चिठ्ठीविना मिळते. ती चुकीच्या प्रसंगासाठी आहे. दर महिन्याच्या वापरासाठी नाही, कारण नियमित गोळीइतके संरक्षण ती देत नाही. गर्भपाताच्या गोळ्या तर सर्वस्वी वेगळ्या असून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात. यांपैकी कोणतीही गोळी एचआयव्ही किंवा अन्य लैंगिक संसर्गापासून वाचवत नाही. ते काम निरोधाचे.

अनियमित पाळी किंवा पीसीओएससाठीही हीच गोळी दिली जाते. अशा वेळी मुलीच्या हाती पाकीट पाहून घरच्यांनी भलता अर्थ काढू नये.

या लक्षणांना थांबू नये

पुढीलपैकी काहीही झाल्यास गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे :

- एका पायाच्या पोटरीत दुखणे व सूज येणे.
- छातीत तीव्र वेदना, अचानक धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे.
- पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी.
- अचानक अंधुक दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे.
- पोटात असह्य वेदना किंवा डोळे-त्वचा पिवळी होणे.

चितेगाव परिसरातील स्त्रियांना यासाठी पैठणचे शासकीय रुग्णालय किंवा संभाजीनगरची 'घाटी' गाठता येते. नियमित सल्ल्यासाठी जवळचे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आशा कार्यकर्तीमार्फत घरपोच गर्भनिरोधके देण्याची योजनाही २०११ मध्ये सुरू झाली.

घरातील दुसऱ्या माणसाने या साऱ्यात बघ्याची भूमिका घेऊ नये. पहिल्या भेटीला पतीने सोबत जावे, गोळी चुकल्यास निरोध वापरण्यास खळखळ करू नये आणि वर दिलेली लक्षणे त्यानेही पाठ ठेवावीत. गोळी सोसलीच नाही, तर तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध असे अन्य मार्ग आहेत; पण एक साधन सोडण्यापूर्वी दुसरे हाती घ्यावे. तीन महिन्यांची एक छोटी वही करावी. तारीख, डाग, डोकेदुखी, विसरलेली गोळी एवढेच त्यात टिपावे आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे उघडावी. तोंडाने विचारण्याचा संकोच वाटला, तरी वहीतली नोंद डॉक्टर वाचू शकतात.